पाहुणा, फिरंगी आणि परका : महासाथीतले थायलंड

चीनबाहेर कोरोनाचा पहिला रुग्ण अधिकृतपणे नोंदला गेला तो थायलंडमध्ये, १३ जानेवारी २०२० रोजी. वुहानहून बँकॉकला आलेली ती एक चिनी प्रवासी महिला होती. रोग बाहेरून येतो आणि परक्याच्या अंगाखांद्यावरून येतो ही समजूत तेथे पहिल्याच दिवशी पक्की झाली, आणि पुढची अडीच वर्षे सरकारचे बहुतेक निर्णय तिच्याभोवतीच फिरत राहिले. विरोधाभास असा, की परदेशी माणसाचे स्वागत हाच या देशाचा मोठा व्यवसाय आहे. २०१९ या एका वर्षात जवळजवळ चार कोटी परदेशी पर्यटक थायलंडला गेले. त्यात भारतीयच २० लाखांच्या घरात होते. मुंबईहून बँकॉक-पट्टायाची सहल हा तर मराठी मध्यमवर्गाच्या पहिल्या परदेशवारीचा ठरलेला मार्ग. २०२० मध्ये पर्यटकांचा आकडा ६७ लाखांवर घसरला. तेही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतले. २०२१ मध्ये तो सव्वाचार लाखांच्या आसपास येऊन थांबला.

पर्यटक गेले, परंतु तेथे राहणारे परदेशी कोठे जाणार? त्यांची संख्या लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या स्थलांतरविषयक अहवालाने थायलंडमध्ये राहणाऱ्या बिगर-थाई लोकांचा अंदाज ४९ लाख असा केला होता. त्यातले सुमारे ३९ लाख म्यानमार, कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम या देशांतून आलेले कष्टकरी. उरलेल्यांत युरोप-अमेरिकेतून आलेले निवृत्त लोक, इंग्रजी शिकवणारे शिक्षक, जपानी व चिनी कंपन्यांचे अधिकारी, हॉटेले-उपाहारगृहे चालवणारे छोटे व्यावसायिक आणि भारतीय व्यापारी-नोकरदार. या सर्वांना एकाच शब्दात 'परदेशस्थ' म्हणता येईल, पण थाई भाषा तसे म्हणत नाही. गोऱ्या माणसाला ती 'फरांग' म्हणते. आपल्या 'फिरंगी'चाच हा भाऊ, दोघेही फारसीतून आलेले. (थाई लोक पेरूलाही फरांगच म्हणतात, कारण तोही समुद्रापलीकडून आला.) भारतीयाला, अरबाला, मलय मुसलमानाला ती 'खेक' म्हणते, त्याचा मूळ अर्थ पाहुणा. आणि शेजारच्या देशातून आलेल्या मजुराचा विषय निघाला, की सरकारी कागदावरचा 'तांग दाओ' हा शब्द येतो. त्याचा अर्थ परका, परमुलखातला. कायद्याच्या दृष्टीने हे तिघेही एकच. व्यवहारात तिघांच्या वाट्याला आलेली महासाथ मात्र तीन वेगवेगळ्या देशांत घडावी इतकी निराळी होती.

हे समजून घ्यायचे तर आधी थायलंडमधील परदेशी माणसाचे वास्तव्य कशावर उभे असते ते पाहावे लागते. वीस-वीस वर्षे तेथे राहिलेला, थाई स्त्रीशी लग्न केलेला, ईशान्येकडच्या खेड्यात घर बांधून राहिलेला युरोपीय माणूसदेखील बहुधा वर्षावर्षाच्या मुदतवाढीवरच राहात असतो. घर त्याच्या पैशाने उभे राहते, पण जमीन पत्नीच्या नावावर असते, कारण परदेशी व्यक्तीला तेथे जमिनीची मालकी घेता येत नाही. निवृत्त म्हणून राहायचे तर वय ५० च्या पुढे हवे आणि थाई बँकेत आठ लाख बाट, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८-१९ लाख रुपये, शिल्लक दाखवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटचे उत्पन्न सिद्ध करावे लागते. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचा. शिवाय १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातील ३८ व्या कलमानुसार, परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकाने २४ तासांत त्याची वर्दी द्यायची. एरवी या तरतुदी म्हणजे कटकट, रांग आणि झेरॉक्सच्या प्रती इतकेच त्यांचे स्वरूप असते. मार्च २०२० मध्ये त्यांचा खरा अर्थ पुढे आला.

२३ मार्चपासून जमिनीवरील सीमा बंद झाल्या. २६ मार्चला पंतप्रधान प्रयुत चान-ओ-चा यांच्या सरकारने आणीबाणीचा वटहुकूम लागू केला. ३ एप्रिलपासून रात्री दहा ते पहाटे चार संचारबंदी आली, आणि पाठोपाठ बाहेरून येणारी प्रवासी विमाने थांबली. ज्यांचा व्हिसा संपत आला होता त्यांना बाहेर जाता येईना आणि मुदत वाढवून घेतल्याशिवाय राहता येईना. मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बाट दंड, वर काळ्या यादीची भीती. परिणामी, चारजणांनी एकत्र येऊ नये असे सरकार सांगत असतानाच बँकॉकच्या इमिग्रेशन कार्यालयांसमोर शेकडो परदेशी एकमेकांना खेटून रांगेत उभे होते. रोगाला यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळाली असेल.

तथापि, येथे थाई प्रशासनाला श्रेय द्यायला हवे. एप्रिलच्या सुरुवातीलाच सरकारने २६ मार्चपासून मुदत संपणाऱ्या सर्वांना सरसकट माफी दिली. अर्ज नको, दंड नको, ९० दिवसांची हजेरी नको. आधी ही सवलत एप्रिलअखेरपर्यंत होती, नंतर ती जुलैअखेरपर्यंत, मग सप्टेंबरपर्यंत आणि पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढली. त्यानंतर १,९०० बाट भरून 'कोविड मुदतवाढ' मिळू लागली आणि ती २०२२ मध्येही मिळत राहिली. जगातल्या अनेक श्रीमंत देशांनी अडकलेल्या परदेशी माणसांशी यापेक्षा कोरडेपणाने वर्तन केले. अर्थात प्रत्येक वेळी निर्णय यायचा तो मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात, कधी आदल्या दिवशी. महिनाभर लोकांनी बांधाबांध करायची, विमानाचे तिकीट धुंडाळायचे आणि मग मुक्काम वाढल्याचे कळायचे, असा हा खेळ वर्षभर चालला.

धोरण उदार आणि बोलणे कडू, असा हा प्रकार होता. आरोग्यमंत्री अनुतिन चार्नवीराकुल हे ७ फेब्रुवारी २०२० रोजी बँकॉकच्या एका उन्नत रेल्वे स्थानकावर मुखपट्ट्या वाटत असताना काही युरोपीय प्रवाशांनी त्या घेतल्या नाहीत. त्यावर, अशा फरांगांना देशाबाहेर हाकलले पाहिजे, असे ते कॅमेऱ्यांसमोर बोलून गेले. नंतर तोल गेल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. (हेच गृहस्थ सप्टेंबर २०२५ मध्ये थायलंडचे पंतप्रधान झाले.) मंत्र्यांचा त्रागा अगदीच निराधार होता असेही नाही. थाई जनतेने मुखपट्टी विनातक्रार स्वीकारली होती, आणि ती न लावता बाजारात फिरणारा गोरा माणूस तिला उद्धट वाटत होता. पुढे जानेवारी २०२१ मध्ये को फांगान बेटावरील एका पार्टीत ८९ परदेशी पकडले गेले, तेव्हा ही चीड पुन्हा उफाळली.

साथीचे पहिले वर्ष थायलंडने खरोखरच चांगले निभावले. सुमारे सात कोटींच्या देशात २०२० अखेर कोरोनाने गेलेल्यांची नोंदलेली संख्या ६० च्या आसपास होती. दहा लाखांहून अधिक ग्रामीण आरोग्य स्वयंसेवकांचे, १९७० च्या दशकापासून उभे राहिलेले जाळे हे त्यामागचे मोठे कारण. ज्याला श्रेय कमी मिळाले ते हेच. गावात कोण आले, कोठून आले, त्याला ताप आहे काय, याची दारोदार चौकशी त्यांनी केली. लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या बातम्या वाचून चियांग माई किंवा हुआ हिनमधला निवृत्त फरांग आपण योग्य जागी अडकलो असे समाधानाने म्हणत होता. जून-जुलैपासून आतले जीवन जवळजवळ पूर्ववत झाले होते. दार मात्र बंद होते.

त्या दाराबाहेर राहिलेल्यांची कथा फारशी सांगितली गेली नाही. फेब्रुवारीत आईवडिलांना भेटायला किंवा कंपनीच्या कामासाठी म्हणून बाहेर गेलेले, ज्यांची पत्नी, मुले, घर, नोकरी सारे थायलंडमध्ये होते असे लोक एप्रिलपासून परत येऊ शकले नाहीत. थाई नागरिकांसाठी विमाने सुटत होती. त्यांच्या परदेशी जोडीदारांना त्यांत जागा नव्हती. जुलै २०२० पासून थाई नागरिकांचे जोडीदार, कायम रहिवासी आणि कामाचा परवाना असलेले यांना प्रवेश सुरू झाला तो अटींची माळ घालूनच. दूतावासाकडून प्रवेशाचे प्रमाणपत्र, एक लाख डॉलरचा आरोग्य विमा, निघण्यापूर्वीची चाचणी आणि स्वखर्चाने ठरावीक हॉटेलात १४ दिवसांचे विलगीकरण. निवृत्तांचा क्रम त्यानंतर लागला. दरम्यान अनेकांची वर्षाची मुदतवाढ बाहेर असतानाच संपली, आणि एकदा ती संपली की मागची दहा-पंधरा वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

नियमांची ही कठोरता सर्वांना सारखी असती तर तक्रारीला जागा कमी होती. जुलै २०२० मध्ये रयोंग शहरात इजिप्तच्या लष्करी विमानाबरोबर आलेला एक सैनिक बाधित निघाला. विलगीकरणाच्या मुदतीत तो व त्याचे सोबती बाजारात फिरून आले होते. त्याच सुमारास सुदानच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याची मुलगी बाधित आढळली. तीही सवलतीच्या वर्गातली. रयोंगमधल्या शाळा बंद झाल्या, हॉटेलांची आरक्षणे रद्द झाली आणि 'बड्यांना' मिळणाऱ्या सवलतींवर थाई जनतेने एवढा संताप व्यक्त केला, की सरकारला नियम आवळावे लागले. त्याचा फटका बसला तो अर्थातच रांगेत मुकाट उभ्या असलेल्या सामान्य परदेशस्थांना.

आत राहिलेल्यांपैकी ज्यांचे पोट पर्यटनावर होते त्यांची स्थिती हळूहळू बिकट होत गेली. फुकेत एप्रिल २०२० मध्ये पूर्ण बंद करण्यात आले. विमानतळ बंद, समुद्रकिनारे बंद, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाणे बंद. तेथील पाणबुड्यांचे प्रशिक्षक, छोट्या हॉटेलांचे चालक, नौकाविहाराचे व्यावसायिक यांच्यासमोर थाई कायद्याने एक विचित्र पेच टाकला होता. कामाचा परवाना विशिष्ट मालकाशी आणि विशिष्ट कामाशी बांधलेला असतो. पोहायला शिकवणारा परदेशी माणूस बेकारीत खाद्यपदार्थ घरपोच पोचवू लागला तर तो गुन्हेगार ठरतो. नोकरी गेली की परवाना जातो आणि परवान्यावर उभा असलेला राहण्याचा हक्कही जातो. स्वतःची कंपनी काढलेल्यांची गत आणखी वेगळी. एका परदेशी माणसाच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे २० लाख बाटचे भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. उपाहारगृहाला टाळे, गिऱ्हाईक शून्य, आणि तरीही चार माणसांना पटावर ठेवायचे, नाही तर मालकालाच देश सोडावा लागायचा. थाई कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद वाईट नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

सरकारने 'कोणालाही मागे ठेवणार नाही' अशा नावाची योजना काढून असंघटित कामगारांना तीन महिने दरमहा पाच हजार बाट दिले. ते फक्त थाई नागरिकांसाठी होते, आणि कोणत्याही सरकारने बहुधा हेच केले असते. पण सामाजिक सुरक्षा निधीचे प्रकरण वेगळे आहे. या निधीत नोंदणीकृत परदेशी कामगारही आपल्या पगारातून हप्ता भरतो. २०२० मध्ये बंदीमुळे काम थांबलेल्यांना या निधीतून भरपाई मिळाली तेव्हा हप्ते भरणारा परदेशी कामगार निदान कागदोपत्री पात्र होता. २०२१ मध्ये मात्र याच निधीच्या सदस्यांसाठी चार हजार बाटची मदत जाहीर झाली, तेव्हा थाई नागरिकत्वाची अट घालून त्याला वगळण्यात आले. हप्ता घेताना सदस्य आणि वाटप करताना परका, हा न्याय समजण्यास कठीण आहे.

मे २०२० मध्ये थायलंडभर रस्त्यांच्या कडेला 'सुखवाटपाची कपाटे' उभी राहिली. ज्याला जमेल त्याने तांदूळ, शेवया, डबाबंद मासे ठेवावेत आणि ज्याला लागेल त्याने न्यावेत. या कपाटांवर नागरिकत्वाची अट लिहिलेली नव्हती.

डिसेंबर २०२० मध्ये चित्र पालटले. बँकॉकच्या नैर्ऋत्येला सामुत साखोन येथे, महाचाईच्या कोळंबी बाजारात, आधी एक थाई विक्रेती बाधित आढळली आणि १९ डिसेंबरला एका दिवसात ५०० हून अधिक रुग्ण जाहीर झाले. त्यांत बहुसंख्य म्यानमारचे मजूर होते. जगभरच्या दुकानांत पोचणारी थाई कोळंबी सोलणारे हात ते हेच. बाजार आणि त्याला लागून असलेल्या मजुरांच्या खोल्या काटेरी तारांनी वेढण्यात आल्या. आत हजारो माणसे, एकेका खोलीत अनेकजण, आणि बाहेर पहारा. पंतप्रधानांनी दोष बेकायदा घुसलेल्या मजुरांवर टाकला. समाजमाध्यमांवर 'तांग दाओ'विरुद्ध विषारी मजकुराचा पूर आला, बसमध्ये बर्मी माणसांना चढू देईनात, घरमालक खोल्या रिकाम्या करून मागू लागले. जिल्ह्याचे गव्हर्नर वीरसाक विजितसेंगश्री हे स्वतः बाधित झाले आणि अतिदक्षता विभागात दीर्घकाळ झुंजून बरे झाले.

फरांगांच्या तक्रारींचे मोजमाप या तारांजवळ उभे राहून घ्यावे लागते. गोऱ्या परदेशस्थाचा अपमान झाला, गैरसोय झाली, पैसा गेला. त्याला तारेमागे कोंडले गेले नाही. जून २०२१ च्या अखेरीस हेच पुन्हा घडले. बँकॉक आणि परिसरातील बांधकाम मजुरांच्या वसाहती मध्यरात्रीच्या राजपत्रातील आदेशाने महिनाभरासाठी बंद करण्यात आल्या आणि दारावर सैनिक उभे राहिले. वास्तविक त्या वेळच्या लाटेचा उगम, एप्रिलमध्ये, थोंग लो या बँकॉकच्या श्रीमंत वस्तीतील रात्रीच्या क्लबांतून झाला होता. तेथे जाणारे प्रतिष्ठित थाई नागरिक होते. थोंग लोला कोणी तार लावली नाही.

सरकारने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. २९ डिसेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने म्यानमार, कंबोडिया आणि लाओसच्या कागदपत्रे नसलेल्या मजुरांना नोंदणी करून फेब्रुवारी २०२३ पर्यंत राहण्याची व काम करण्याची मुभा दिली. लपलेला माणूस चाचणीला येत नाही, हे उशिरा का होईना लक्षात आले होते.

यानंतर आली लस, आणि परदेशस्थांच्या सहनशीलतेचा खरा कस लागला तो तेथे. थायलंडने 'कोव्हॅक्स' या जागतिक योजनेत भाग घेतला नव्हता. भिस्त ठेवली होती ती सियाम बायोसायन्स या देशी कंपनीत तयार होणाऱ्या अॅस्ट्राझेनेकाच्या लशीवर, आणि तोपर्यंत चीनच्या सिनोव्हॅकवर. सार्वत्रिक लसीकरण ७ जून २०२१ ला सुरू झाले तेव्हा रोजचे रुग्ण हजारोंत होते, आणि लस सर्वांनाच अपुरी होती. नोंदणीसाठी 'मो फ्रोम', म्हणजे 'डॉक्टर तयार आहे', या नावाचे अॅप काढण्यात आले. त्यात १३ अंकी थाई ओळख क्रमांक टाकल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. परदेशी माणसाकडे असतो तो पासपोर्ट. मे महिन्याच्या सुरुवातीला, परदेशी लोकांना लस मिळणार की नाही यावर वेगवेगळे अधिकारी परस्परविरुद्ध बोलत होते. अखेर परराष्ट्र खात्याने, या भूमीवर राहणाऱ्या प्रत्येकाला लस मिळेल, असा खुलासा केला. तत्त्व मान्य झाले; व्यवहारात ७०-७५ वर्षांचे वृद्ध या रुग्णालयातून त्या रुग्णालयात चकरा मारत राहिले.

मग प्रत्येकाने आपापल्या सरकारकडे पाहिले. चीनने मे २०२१ मध्येच थायलंडमधील आपल्या नागरिकांना सिनोव्हॅक देण्याची मोहीम सुरू केली. फ्रान्सच्या दूतावासाने ५५ वर्षांवरील फ्रेंच नागरिकांसाठी जॉन्सन अँड जॉन्सनची लस आणवली. अमेरिकेच्या दोन्ही प्रमुख पक्षांच्या तेथील शाखा आणि माजी सैनिकांची संघटना, जे एरवी एका टेबलावर बसणार नाहीत, त्यांनी एकत्र येऊन वॉशिंग्टनला लस मागितली. परदेशातील खासगी नागरिकांना वैद्यकीय सेवा पुरवण्याचे आमचे धोरण नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. जुलैअखेर अमेरिकेने फायझरच्या १५ लाख मात्रा थायलंडला भेट दिल्या आणि त्यातला काही वाटा परदेशी रहिवाशांसाठी राखला गेला. ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी वेगळे संकेतस्थळ उघडले. बँकॉकच्या नव्या बांग सू रेल्वे स्थानकात मोठ्या वयाच्या परदेशी लोकांना थेट येऊन लस घेण्याची सोय त्याआधी थोडे दिवस झाली होती.

या सगळ्यात एक योगायोग टोचणारा होता. १ जुलै २०२१ ला 'फुकेत सँडबॉक्स' योजना सुरू झाली. लस घेतलेल्या पर्यटकांना विलगीकरणाशिवाय फुकेतला उतरू देणारी. त्यासाठी बेटावरच्या लोकांचे लसीकरण आधी उरकण्यात आले होते. बाहेरून येणारा पर्यटक किनाऱ्यावर मोकळा फिरत होता, त्याच आठवड्यात बँकॉकमध्ये वर्षानुवर्षे राहून कर भरणारा परदेशी वृद्ध पहिल्या मात्रेची वाट पाहात होता. पर्यटनावर जगणाऱ्या देशाच्या दृष्टीने या निर्णयामागे तर्क होता हे नाकारता येणार नाही. १३ ऑगस्टला देशात एका दिवशी २३ हजारांवर रुग्ण सापडले. वर्षअखेर मृतांचा आकडा २१ हजारांपलीकडे गेला होता.

'खेक' म्हणजे पाहुणा म्हटल्या जाणाऱ्या भारतीयांचे थायलंडशी नाते जुने आहे. बँकॉकचा पाहुरात कापडबाजार, तेथील गुरुद्वारा, सिलोमचे मरिअम्मन मंदिर आणि त्याच भागातला रत्नांचा व्यापार ही त्याची दृश्य ठिकाणे. बिर्ला उद्योगसमूहाची भारताबाहेरची पहिली कंपनी थायलंडमध्येच १९६९ साली निघाली. या समाजातले पिढीजात थाई नागरिक आणि अलीकडे नोकरीनिमित्त गेलेले, त्यांत मराठी माणसेही आली, यांच्यात साथीने फरक केला तो पासपोर्टचा. भारताने २२ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली. नियमित उड्डाणे पूर्ववत झाली ती २७ मार्च २०२२ ला. मधली दोन वर्षे 'वंदे भारत' आणि विशेष विमानांवर काढायची होती, आणि त्यांतून मायदेशी गेलेल्याला परत येण्याची खात्री नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट भडकली तेव्हा ही अनिश्चितता क्रूर झाली. त्या महिन्याच्या अखेरीस भारतीय हवाई दलाची विमाने बँकॉकहून प्राणवायूचे रिकामे टँकर उचलून आणत होती, थायलंडमधील भारतीय समाज मदत गोळा करत होता; आणि त्याच आठवड्यात थायलंडने जाहीर केले, की १ मेपासून भारतातून येणाऱ्या बिगर-थाई व्यक्तींना प्रवेशाची प्रमाणपत्रे मिळणार नाहीत. पुण्यात किंवा नागपुरात वडील रुग्णालयात असतील तर बँकॉकमधल्या मुलाने काय करायचे? गेले तर नोकरी आणि तेथली बायकोमुले मागे राहणार, न गेले तर उरलेले आयुष्य ते आठवणार. रोगाच्या नव्या अवताराला रोखण्यासाठी हा निर्णय समर्थनीय होता. इतर अनेक देशांनीही तेच केले. त्या काळात कित्येक अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहिले गेले, त्याची नोंद कोणत्याही सरकारी आकडेवारीत नाही.

पैशाचा प्रश्न सर्व थरांत होता, पण निवृत्तांच्या बाबतीत तो वेगळ्या रूपाने आला. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन थायलंडमध्ये राहणाऱ्यास गोठवलेल्या दरानेच मिळते, दरवर्षीची वाढ त्याला लागू नाही. सार्वजनिक रुग्णालयांतही २०१९ पासून परदेशी रुग्णांसाठी वेगळे, आणि निवृत्त व पर्यटकांसाठी सर्वांत चढे, दरपत्रक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवृत्तांच्या एका व्हिसावर आरोग्य विम्याची सक्ती आली आणि साथीच्या काळात तिची रक्कम एक लाख डॉलरपर्यंत नेण्यात आली. सत्तरी ओलांडलेल्याला असा विमा मिळणे अवघड, मिळाला तर हप्ता न परवडणारा. विम्याच्या धंद्याचीही गंमत झाली. 'सापडला, दिले, संपले' अशा अर्थाच्या नावाने थाई कंपन्यांनी बाधा होताच ठोक रक्कम देणाऱ्या स्वस्त पॉलिसी लाखोंनी विकल्या होत्या. डेल्टाच्या लाटेत दाव्यांचा डोंगर उभा राहिला आणि एका पाठोपाठ एक चार कंपन्यांचे परवाने रद्द झाले. त्यांच्या दारात रांगा लावून उभ्या असलेल्यांत थाई आणि परदेशी असा भेद राहिला नव्हता.

मे २०२२ मध्ये प्रवेशाच्या वेळची चाचणी गेली, जुलैमध्ये 'थायलंड पास' गेला आणि सप्टेंबरअखेर आणीबाणीही उठली. रिकाम्या झालेल्या हॉटेलांकडे पाहून सरकारला परदेशी माणूस पुन्हा हवाहवासा वाटू लागला होता. पण कोणता, हे आता अधिक स्पष्टपणे सांगितले जाऊ लागले. १ सप्टेंबर २०२२ पासून दहा वर्षांचा दीर्घकालीन व्हिसा सुरू झाला तो श्रीमंत गुंतवणूकदार, उच्चशिक्षित व्यावसायिक आणि वर्षाला ८० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन असणाऱ्यांसाठी. उद्दिष्ट, पाच वर्षांत असे दहा लाख लोक. त्याच ऑक्टोबरमध्ये, चार कोटी बाट गुंतवणाऱ्या परदेशी व्यक्तीला घरासाठी एक राई, म्हणजे १,६०० चौरस मीटर, जमीन विकत घेऊ देण्यास मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. देश विकायला काढला, अशी ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. भारतीय पर्यटकांना नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसामाफी मिळाली. तेथे राहणाऱ्यांना मात्र १ जानेवारी २०२४ पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नावरील कराचे नवे नियम मिळाले.

दहा वर्षांच्या व्हिसावाल्यांना ९० दिवसांऐवजी वर्षातून एकदाच पत्ता कळवावा लागतो. वर्षावर्षाची मुदतवाढ घेणाऱ्यांसाठी, म्हणजे ईशान्येच्या खेड्यातल्या त्या फरांगासाठी आणि बँकॉकच्या भारतीय नोकरदारासाठी, ९० दिवसांची हजेरी पुन्हा सुरू झाली. महाचाईच्या मजुरांची फेब्रुवारी २०२३ ची मुदतही संपण्याआधी मंत्रिमंडळासमोर गेली आणि नव्या नोंदणीच्या अटीवर वाढली.